काडींतील साखर

कापसाचा बोळा आणि पिकलेलें द्राक्ष यांचें परस्परांशीं कांहीं नातें असेल, असें वरवर पाहणाऱ्यास कधींहि वाटणार नाहीं. एक कोरडा व बेचव; दुसरें रसाळ व गोड. तथापि रसायनशास्त्र असें सांगतें कीं, द्राक्षांत जी साखर मोकळी असते तीच कापसांत एकीमागून एक अशी गुंफलेली असते. या साखरेस मराठींत द्राक्षशर्करा म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेंतील बाटलीवर तिचें नांव ग्लुकोज असें लिहिलेलें असतें. कापूस, लांकूड, भाताचा पेंढा, ज्वारीचा कडबा, उंसाचें चिपाड, फार काय, पुस्तकाचा कागद, या सर्वांचा मुख्य भाग सेल्युलोज नांवाचें एकच द्रव्य असून तें पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत द्राक्षशर्करेचेंच बनलेलें आहे. वनस्पतींनीं निर्माण केलेल्या द्रव्यांत याच्याइतकें विपुल दुसरें नाहीं.

असें असतां आपण पेंढ्यापासून साखर कां काढीत नाहीं, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याच्या मनांत सहजच येईल. प्रश्न योग्य आहे, आणि त्याच्यामागें शास्त्रज्ञांचीं दोनशें वर्षें गेलीं आहेत. हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचाहि नव्हे. आज मोटारींचें इंधन, प्लास्टिक, रंग, कृत्रिम धागे हे पदार्थ बहुतांशीं खनिज तेलापासून होतात. तें तेल भूगर्भांत तयार होण्यास कोट्यवधि वर्षें लागलीं, आणि तें जाळलें म्हणजे इतक्या काळापूर्वीं पुरला गेलेला कार्बन एकदम हवेंत येतो. पेंढा दरवर्षीं नवा उगवतो. त्यांतील कार्बन त्यानें त्याच हंगामांत हवेंतून घेतलेला असतो. वर सांगितलेल्या पदार्थांपैकीं पुष्कळ पदार्थ साखरेपासूनहि करितां येतात. धान्य व ऊंस यांतील साखर तर माणसाच्या अन्नाची आहे. काडींतील साखर माणसाच्या ताटांत कधींच येत नाहीं. तेव्हां ती मोकळी करितां आली तर कोणाच्या तोंडचा घांस न काढतां कारखाने चालतील, अशी ही आशा आहे.

ती मोकळी करणें कठीण कां, हें समजण्यासाठीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. भाकरीचा कोरडा घांस तोंडांत घेऊन तो न गिळतां सावकाश चावीत राहावें. मिनिटा-दोन मिनिटांत त्यास गोडसर चव येऊं लागते. भाकरींतील पिष्ट म्हणजेहि द्राक्षशर्करेची साखळीच होय, आणि आपल्या लाळेंत तिचे दुवे तोडणारें एक पाचकद्रव्य असतें. अशा द्रव्यांस शास्त्रज्ञ एन्झाइम म्हणतात. आतां स्वच्छ कापसाचा तुकडा तितकाच वेळ चावावा. गिळूं मात्र नये. तो तासभर चावला तरी गोड लागणार नाहीं. मणी तेच असून हा फरक कां पडावा? तो ओंवण्याच्या रीतीमुळें पडतो. पिष्टांत सर्व मणी एकाच बाजूस तोंड करून ओंवलेले असतात. त्यामुळें साखळी गोल जिन्याप्रमाणें वळत जाते, सैल राहते, तिच्यांत पाणी शिरतें आणि एन्झाइमास दुवा सहज सांपडतो. सेल्युलोजांत एकाआड एक मणी उलटा असतो. एवढ्याशा फरकानें साखळी ताठ सरळ होते. अशा हजारों मण्यांच्या सरळ साखळ्या आगपेटींतील काड्यांप्रमाणें एकमेकींस चिकटून बसतात, आणि हायड्रोजनच्या असंख्य बारीक बंधांनीं त्या इतक्या घट्ट जखडल्या जातात कीं, त्यांच्यामध्यें पाण्यासहि वाव राहत नाहीं. म्हणूनच कापसाचें कापड शेंकडों वेळां धुतलें तरी विरघळून जात नाहीं.

कापसाची गोष्ट तरी सोपी, कारण कापूस जवळजवळ शुद्ध सेल्युलोज आहे. काडीची व लांकडाची रचना याहून बिकट असते. ज्यांनीं कोंकणांतील किंवा मावळांतील कुडाची भिंत पाहिली असेल त्यांस ती लवकर समजेल. कुडांत कारवीच्या काठ्या उभ्या करितात, त्या वेलांनीं किंवा काथ्यानें आडव्या बांधतात आणि वरून शेणमातीचें लिंपण करितात. वनस्पतीच्या पेशीच्या भिंतींत उभ्या कारवीचें काम सेल्युलोज करितें. बांधणीचें काम हेमिसेल्युलोज नांवाचें दुसरें एक द्रव्य करितें. तेंहि निरनिराळ्या साखरांचेंच, परंतु फांटे फुटलेलें व ढिलें असतें. आणि लिंपण असतें तें लिग्निनाचें. लिग्निन साखर नव्हे. तें डांबरासारखें चिवट, पाणी न शिरूं देणारें असें द्रव्य आहे. साधारण लांकडांत शेंकडा ४० ते ५० भाग सेल्युलोज असतें, आणि हेमिसेल्युलोज व लिग्निन हे प्रत्येकीं सुमारें २० ते ३० भाग असतात. भाताच्या पेंढ्यांत लिग्निन कमी, पण सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य, पुष्कळ असतें. झाडास वाऱ्यापावसांत उभें राहावयाचें असतें आणि किड्यांपासून आपलें अंग राखावयाचें असतें. त्याची भिंत सहज फुटती तर जगांत अरण्यें उरलीं नसतीं.

ही भिंत फोडण्याचा पहिला उपाय आम्लाचा. फ्रान्समधील नान्सी गांवीं आंरी ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञानें १८१९ सालीं तागाच्या जुन्या चिंध्या गंधकाम्लांत भिजवून पुढें पाण्यांत उकळल्या आणि त्यांपासून साखर काढली. नवलाची गोष्ट ही कीं, साखरेचें वजन चिंध्यांच्या वजनाहून अधिक भरलें! यांत जादू कांहीं नाहीं. साखळीचा प्रत्येक दुवा तुटतांना पाण्याचा एक कण त्यांत सामील होतो. म्हणून १०० भार सेल्युलोजापासून हिशेबानें १११ भार द्राक्षशर्करा मिळते. त्या काळीं सेल्युलोज हें नांवहि नव्हतें. तें द्रव्य निराळें काढून दाखविण्याचें काम पुढें १८३८ च्या सुमारास आन्सेल्म पायें यानें केलें. विसाव्या शतकांत जर्मनींत बर्जियस व शोलर यांनीं लांकडापासून साखर काढण्याचे कारखानेच उभारले. एकानें तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलें, दुसऱ्यानें सौम्य व कढत गंधकाम्ल. युद्धाच्या टंचाईंत हे कारखाने चालले. टंचाई सरतांच बहुतेक मागें पडले. आम्ल भांडीं खातें, तें शेवटीं चुन्यानें मारावें लागतें, आणि मुख्य दोष असा कीं, त्यास थांबावें कोठें हें कळत नाहीं. मोकळी झालेली साखरहि तें जाळूं लागतें. या जळण्यांतून फरफ्यूरल नांवाचें एक तेलकट द्रव्य होतें. अमेरिकेंत १९२२ च्या सुमारास एका कंपनीनें ओट धान्याच्या टाकाऊ टरफलांपासून मुद्दाम तेंच काढण्याचा धंदा सुरू केला व तो यशस्वी झाला. पण साखर काढणारास तें नुकसानच होय.

मनुष्य आम्लाशीं झगडत होता त्याच वेळीं त्याच्या गोठ्यांत हें काम निमूटपणें चाललें होतें. गाय कडबा खाते व दूध देते. तिच्या स्वतःच्या पाचकरसांत सेल्युलोज तोडण्याची शक्ति नाहीं; ती शक्ति तिच्या पहिल्या पोटांत राहणाऱ्या कोट्यवधि सूक्ष्म जंतूंची आहे. वाळवीचेंहि तसेंच. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील क्लीव्हलंड या प्राणिशास्त्रज्ञानें लांकूड खाणाऱ्या वाळवीच्या आंतड्यांतील सूक्ष्म जीव युक्तीनें मारून टाकले. वाळवी पूर्वीप्रमाणेंच लांकूड खात राहिली आणि भरल्या पोटीं उपाशी मेली. आपल्याकडील वारुळांतील वाळवीची रीत आणखी निराळी आहे: ती वाळलेलीं पानें व काटक्या आणून त्यांवर वारुळाच्या आंत बुरशीची शेती करिते. पावसाळ्यांत वारुळावर जीं अळंबीं उगवतात, तीं याच शेतीचीं फळें होत.

मनुष्यास मात्र हा सहाय्यक सांपडला तो शत्रु म्हणून. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेचें सैन्य दक्षिण पॅसिफिक महासागरांतील बेटांवर लढत असतां त्याचे तंबू, ताडपत्र्या व कापडी पट्टे त्या दमट हवेंत भराभर कुजूं लागले. हें काम बुरशीचें, हें उघड होतें. कोणत्या बुरशीचें, हें पाहण्यासाठीं सैन्याच्या सामानखात्यानें कुजक्या वस्तूंवरून बुरशीचे हजारों नमुने गोळा करविले. त्यांपैकीं सॉलोमन बेटांच्या रांगेंतील बुगनव्हिल बेटावरील एका कुजक्या कापडावर मिळालेला एक नमुना कापूस खाण्यांत सर्वांहून वस्ताद निघाला. एल्विन रीस व मेरी मॅन्डेल्स या शास्त्रज्ञांनीं त्याचा वर्षानुवर्षें अभ्यास केला. तंबू वांचवावे हा मूळचा हेतु. पण ही बुरशी आपल्या अंगांतून एन्झाइम बाहेर टाकून कापसाची साखर करिते व ती पिते, हें पाहिल्यावर त्यांच्या मनांत उलट विचार आला: जी तंबू खाते तिच्याकडून रद्दी कागद व काडी कां खाववूं नये? १९७३ सालीं खनिज तेलाचे भाव भडकले तेव्हां या विचारास जोर चढला. १९७७ सालीं या बुरशीस रीस यांच्या नांवावरून ट्रायकोडर्मा रीसाय असें नांव मिळालें. आज जगभर कारखान्यांत तिचे जे वाण वापरले जातात ते सर्व त्या एकाच नमुन्याचे वंशज आहेत. निवड व संस्कार करून ते इतके सुधारले आहेत कीं, एक लिटर रसांत शंभर ग्रॅमहून अधिक एन्झाइम ते सोडूं शकतात.

हें एन्झाइम एक नसून त्यांची टोळी असते, आणि त्यांच्या कामाची वांटणी पाहण्यासारखी आहे. पहिल्या जातीचीं एन्झाइमें साखळीस मध्येंच कोठेंतरी तोडतात व नवीं टोकें उघडीं करितात. दुसऱ्या जातीच्या एन्झाइमाच्या अंगांत एक बोगदा असतो. तें साखळीचें टोंक त्या बोगद्यांत ओढून घेतें आणि दोन-दोन मण्यांचे तुकडे पाडीत पुढें सरकतें. तिसरें या जोडीचे दोन मणी सुटे करितें. हें तिसरें कमी पडलें तर जोड्या सांठतात आणि त्या सांठण्यानें दुसऱ्याचें काम अडतें. नुसता वेगवान कामगार नेमून भागत नाहीं. पुढचा माल उचलणाराहि हवा, हें ज्यांनीं उंसाच्या गुऱ्हाळावर काम पाहिलें असेल त्यांस सांगावयास नको. २०१० सालीं आणखी एका जातीचें कार्य उघडकीस आलें. तीं एन्झाइमें प्राणवायूच्या साहाय्यानें घट्ट जखडलेल्या साखळ्यांच्या पृष्ठभागावरच घाव घालतात. बुरशीच्या या रसाचा उपयोग इंधनाआधींच कपड्यांच्या धंद्यांत झाला. निळ्या जीन्स विजारीस जुनाट रूप यावें म्हणून त्या पूर्वीं खडबडीत ज्वालामुखी दगडांबरोबर धूत असत. १९८० नंतरच्या दशकापासून तें काम हीं एन्झाइमें करूं लागलीं. ज्यानें सैनिकांचे तंबू कुजविले त्याच रसानें तरुणांच्या विजारी झिजवाव्या, ही गंमतच म्हणावयाची.

तथापि काडीवर नुसता हा रस ओतून चालत नाहीं, कारण वरचें लिंपण शाबूत असतें. म्हणून प्रथम काडी बारीक करून तिला दाबाखालीं कढत वाफ देतात, पुष्कळदां थोडें आम्लहि घालतात, आणि मग दाब एकदम सोडतात. आंतील पाणी क्षणांत वाफ होऊन फुगतें व काडीचा तंतू न् तंतू पिंजला जातो. नंतर एन्झाइमें घालून ती लापशी दोन-तीन दिवस कोमट ठेवतात, आणि निघालेल्या साखरेस यीस्ट लावून तिचा मद्यार्क करितात. येथें आणखी एक अडचण उभी राहते. हेमिसेल्युलोजापासून जी झायलोज नांवाची साखर निघते ती साध्या यीस्टला पचत नाहीं. तिच्यासाठीं मुद्दाम घडविलेले यीस्ट लागतें. शेवटीं उरतें तें लिग्निन. बहुतेक ठिकाणीं तें जाळून वाफ व वीज करितात. नॉर्वेमध्यें मात्र स्प्रूस झाडाच्या लिग्निनापासून व्हॅनिला सुगंधाचें द्रव्य काढण्याचा धंदा चालतो; आइस्क्रीमचा वास झाडाच्या लिंपणांतून निघतो, हें कोणास खरें वाटेल?

आतां थोडें गणित करूं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तें स्वतः पडताळून पाहावें. एक टन, म्हणजे १००० किलो, कोरड्या पेंढ्यांत ३५० किलो सेल्युलोज आहे असें धरूं. त्याची द्राक्षशर्करा सुमारें ३८९ किलो होईल. द्राक्षशर्करेच्या वजनापैकीं शेंकडा ५१ भागच मद्यार्क होतो, बाकीचा कार्बनवायु होऊन उडून जातो. म्हणजे मद्यार्क सुमारें १९९ किलो. मद्यार्काचें एक लिटर ७८९ ग्रॅम भरतें. तेव्हां झाले सुमारें २५२ लिटर. हा झाला कागदावरचा हिशेब. हरयाणांतील पानिपत येथें इंडियन ऑइलचा जो कारखाना आहे त्याचें उद्घाटन १० ऑगस्ट २०२२ रोजीं झालें. पुण्याच्या प्राज कंपनीनें बसविलेलें तंत्र तेथें वापरलें आहे. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटि लिटर मद्यार्क काढावा, अशी त्याची योजना त्या वेळीं जाहीर झाली. भागाकार केला तर टनास १५० लिटर पडतात. पेंढ्यांत ओलावा असतो, मातीहि येते, सर्व साखर सुटत नाहीं, सुटलेली सर्व आंबत नाहीं. कागद व कारखाना यांमध्यें जें अंतर असतें तें या दोन आंकड्यांत दिसतें.

आणि हें अंतर कित्येकांस बुडवून गेलें आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. अशा विषयावरील लेखांत नुसतें गुणगान करण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस पसंत नाहीं. अमेरिकेंत कॅन्सस संस्थानांतील ह्यूगोटन येथें २०१४ सालीं मोठ्या समारंभानें उघडलेला कारखाना २०१६ सालीं दिवाळखोरींत विकला गेला. आयोवांतील नेवाडा गांवचा त्याहून मोठा कारखाना २०१५ च्या ऑक्टोबरांत उघडला व २०१७ च्या नोव्हेंबरांत बंद करण्याचें ठरलें. रुमानियांतील पोदारी येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय २०२३ च्या डिसेंबरांत झाला. बुरशीनें दगा दिला असें कोठेंच झालें नाहीं. अडचण पुष्कळदां कारखान्याच्या दाराशींच सुरू होते. काडी हलकी व फुगीर. गाडी भरते पण वजन भरत नाहीं. पीक तीन-चार आठवड्यांत निघतें आणि कारखाना तर वर्षभर चालला पाहिजे. तेव्हां डोंगराएवढ्या गंज्या रचून त्या पावसापासून व आगीपासून राखाव्या लागतात. काडीबरोबर आलेली माती व सिलिका यंत्राचीं पातीं व नळ झिजवितात. पवित्र शास्त्रांतील निर्गमाच्या पुस्तकांत फारो इस्राएली लोकांस विटांसाठीं पेंढा देणें बंद करितो आणि विटांची संख्या मात्र पहिल्याइतकीच मागतो, ती कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. शेतोशेतीं फिरून काडी गोळा करणें हेंच मोठें काम, हें त्या बिचाऱ्या मजुरांइतकें कोणीं जाणलें असेल?

पंजाब-हरयाणांत हा प्रश्न नफ्यातोट्याच्या पलीकडे गेला आहे. तेथें भात यंत्रानें कापतात. यंत्र कणसें घेऊन जातें व बुडखे आणि पेंढा शेतांत राहतो. भूगर्भांतील पाणी खालावूं नये म्हणून दोन्ही राज्यांनीं २००९ सालीं कायदा करून भाताची लावणी उन्हाळा सरेपर्यंत लांबविली. हेतु चांगला होता, पण त्यामुळें कापणी पुढें गेली आणि गहूं पेरण्यापूर्वीं शेत मोकळें करण्यास दोन-तीन आठवडेच उरले. सिलिकेमुळें हा पेंढा जनावरेंहि आवडीनें खात नाहींत. शेवटीं शेतकरी काडी ओढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत वारा पडलेला असतो, आणि तो धूर दिल्लीपर्यंतच्या मुलाबाळांच्या छातींत जातो. शेतकऱ्यास दोष देणें सोपें आहे. त्याच्या पेंढ्यास चार पैसे देऊन कोणी वेळेवर उचलील तर तो काडी ओढणार नाहीं, असें आमचें मत आहे.

आपल्या दख्खनची स्थिति मात्र निराळी आहे, आणि ती ध्यानांत न घेतां पानिपतचा कित्ता येथें गिरवूं नये. ज्वारीचा कडबा हा आपल्याकडे टाकाऊ माल नाहीं. दुष्काळी सालांत धान्याच्या बरोबरीनें त्याची काळजी करावी लागते. जो कडबा बैलाच्या पोटांत जातो त्याची साखर तेथें मोकळी होतेच. त्यासाठीं कारखाना कशाला? उंसाचें चिपाड कारखान्याच्या आवारांतच पडतें, हा मोठा फायदा. पण तें बॉयलरांत जाळून साखर कारखाने आपली वाफ करितात व उरलेली वीज विकतात, म्हणून तेंहि फुकट नाहीं. विदर्भ-मराठवाड्यांतील कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र पुष्कळ ठिकाणीं चुलींत तरी जातात किंवा बांधावर जाळल्या जातात. १९२४ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या माटुंगा येथील कापूस संशोधन संस्थेनें त्यांपासून दाबून फळ्या करण्याची रीत बसविली आहे. भिंत मोडून साखर काढण्यापेक्षां भिंतीची भिंतच करणें कित्येकदां शहाणपणाचें ठरतें, हें येथें दिसतें.

आणखी एक हक्कदार राहिला, तो म्हणजे जमीन. शेतांत कुजणारी काडी वायां जाते असें शहरांतील मनुष्यास वाटतें. वस्तुतः तिच्यांतील बराच भाग मातींतील जीवांचें अन्न होतो, मातीचा भुसभुशीतपणा टिकवितो व पाणी धरून ठेवतो. पोटॅशसारखीं क्षारद्रव्येंहि तिच्याबरोबर मातींत परत जातात. सगळी काडी दरवर्षीं उचलून नेली तर तीं विकत आणून घालावीं लागतील. म्हणून किती न्यावी व किती ठेवावी, हा हिशेब प्रत्येक शेताचा निराळा होतो. चढावरच्या हलक्या जमिनींत अधिक ठेवावी लागते, सपाट व भारी जमिनींत कांहीं नेतां येते. बुरशीनें साखर किती सोडली हें प्रयोगशाळेंत दोन दिवसांत कळतें. काडी नेल्यानें जमिनीचें काय झालें हें कळण्यास दहा-वीस हंगाम लागतात, आणि पानिपतच्या आसपासच्या शेतकऱ्यास तर कापणी व पेरणी यांमधील त्या दोन-तीन आठवड्यांतच आपला निर्णय करावा लागतो.